सेरोटोनिनची कथा पडली, आजार नव्हे

जुलै २०२२ मध्ये ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकांचे संशोधन एकत्र चाळून निष्कर्ष काढला की मेंदूतील सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते, याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडत नाही. तेव्हापासून एक युक्तिवाद आपल्याकडेही जोरात फिरू लागला आहे: सेरोटोनिनचा सिद्धांत खोटा निघाला, म्हणजे डिप्रेशन नावाचा शरीराचा आजारच नाही, ते औषध कंपन्यांनी सोडलेले पिल्लू होते. हे म्हणणारे दोन गट आहेत आणि एरवी त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एक गट मन खंबीर करा, साधना करा, रडत बसू नका असे सांगणारा. दुसरा गट पुरोगामी. त्याच्या मते नैराश्य ही अन्यायी परिस्थितीवरची साहजिक प्रतिक्रिया आहे आणि तिला आजार म्हणणे हा परिस्थितीवर पांघरूण घालण्याचा डाव आहे. मात्र शरीराला या प्रश्नातून बाहेर काढायचे, यावर दोघांचेही एकमत आहे. या युक्तिवादाचा पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग त्यातून निघत नाही, आणि तो खरा मानला तर ज्यांची बाजू घेतल्याचा दावा केला जातो त्यांचेच सर्वांत जास्त नुकसान होते.

सेरोटोनिनची कथा मुळात किती पातळ पुराव्यावर उभी राहिली ते आधी पाहू. तिचा एक धागा मुंबईत येतो. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातून वेगळे काढलेले रेसरपिन हे द्रव्य पाश्चात्त्य देशांत रक्तदाबासाठी सर्रास दिले जाऊ लागले आणि काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत दिसले की रेसरपिनने प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने काहींची मनःस्थिती उजळली. हे औषध सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे विघटन रोखते. दोन्ही निरीक्षणे जोडली की आकर्षक चित्र तयार होते: द्रव्य घटले की खिन्नता, वाढले की उत्साह. १९६७ मध्ये ब्रिटनच्या अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनची बाजू ठामपणे मांडली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या प्रोझॅक या गोळीला मान्यता मिळाली आणि एक तात्पुरते गृहीतक बघता बघता जाहिरातीचे वाक्य बनले. पुढच्या तपासणीत रेसरपिन आणि नैराश्य यांचे नाते सुरुवातीला वाटले तितके पक्के राहिले नाही. गोळी सेरोटोनिनची पातळी काही तासांत बदलते, पण माणसाला बरे वाटायला काही आठवडे लागतात, ही विसंगतीही संशोधकांना जुनीच होती. आहारातून सेरोटोनिनचा कच्चा माल असलेले ट्रिप्टोफॅन काढून निरोगी माणसाचे सेरोटोनिन कमी केले तर त्याला नैराश्य येत नाही, हेही माहीत होते. तरीही ‘तुमच्या मेंदूत रसायन कमी पडले आहे’ असे रुग्णांना सांगितले जात राहिले. अनेक डॉक्टरांनी ते दयेपोटी सांगितले, रुग्णाने स्वतःला दोष देऊ नये म्हणून. तरी ते चूकच होते. रुग्णाला धीर देण्यासाठी अर्धसत्य वापरले की ते उघडे पडण्याच्या दिवशी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. आज नेमके तेच घडते आहे.

पण पडले काय, ते नीट पाहायला हवे. एका रेणूविषयीचे एक विधान पडले. नैराश्यात शरीराचा सहभाग आहे की नाही, हा प्रश्न त्या विधानावर कधीच टांगलेला नव्हता. त्याची उत्तरे वेगळ्याच ठिकाणाहून आली आहेत. कुशिंग सिंड्रोममध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक बेसुमार स्रवते, बहुधा एखाद्या गाठीमुळे. या रुग्णांत नैराश्य इतके वारंवार दिसते की निम्म्याहून अधिक जणांत ते आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि कॉर्टिसॉल ताळ्यावर आणले की ते पुष्कळदा ओसरते. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने देत. इंटरफेरॉन हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा संदेशवाहक आहे. तो दिला की शरीरात दाह चेतवला जातो. या उपचारात साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त रुग्णांना काही आठवड्यांत रीतसर नैराश्य येई: झोप उडणे, कशातच रस न उरणे, अपराधीपणा, मरणाचे विचार. घर तेच होते, नोकरी तीच, नवरा-बायकोचे नाते तेच. बदलले ते शरीर. २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका चाचणीत त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्यांपैकी काहींना आधीपासूनच पॅरॉक्सेटिन ही नैराश्यरोधक गोळी दिली होती. त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण लक्षणीय कमी राहिले. ‘नैराश्य म्हणजे परिस्थितीचे नाव’ असे म्हणणाऱ्यांनी या रुग्णांची परिस्थिती कोणती बदलली ते सांगावे.

याचा अर्थ परिस्थिती गौण आहे असा नाही. नैराश्याच्या जीवशास्त्रातला सर्वांत भक्कम भाग ताणाचा आहे, आणि ताण म्हणजे परिस्थिती शरीरात शिरण्याचा रस्ता. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्याशा टिपणात दाखवले की अगदी वेगवेगळे आघात झाले तरी उंदरांच्या शरीरात सारखेच बदल होतात. आज ती साखळी तपशीलवार माहीत आहे. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. साखर रक्तात येते, हृदय सज्ज होते. धोका टळला की कॉर्टिसॉलच मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवते आणि साखळी थांबते. हा थांबण्याचा निरोप घेणारे एक महत्त्वाचे केंद्र म्हणजे स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस. ताणाचे संप्रेरक थेट तिथे जाऊन बसते, हे ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांत दाखवले. त्याआधी मेंदू हा हुकूम देणारा आणि ग्रंथी हुकूम पाळणाऱ्या, अशी समजूत होती. मॅकइवेन यांच्या निष्कर्षाने उलटा प्रवाहही दिसला: ग्रंथींचा स्राव मेंदूची रचना बदलू शकतो. ताण आठवडेच्या आठवडे चालू राहिला की हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, आणि ताण थांबवणारे केंद्रच दुबळे झाल्यामुळे कॉर्टिसॉलचा ओघ आवरेनासा होतो.

या कथेत बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अजय व्यास, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवले तर हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डालात मात्र त्या वाढतात. एकच ताण, मेंदूच्या दोन भागांत दोन उलटे परिणाम. २००४ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ताण थांबल्यावर काय होते? तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पसमधील बदल भरून आले, अमिग्डालातील वाढ तशीच राहिली. उंदरावरून माणसाकडे उडी मारताना सावध राहायला हवे, हे मान्य. पण ताणाचे कारण दूर केले की परिणाम आपोआप मिटतो, या समजुतीला हा प्रयोग गंभीर धक्का देतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळाही बालवयातला ताण मेंदूच्या भावनिक जाळ्यात काय मागे ठेवतो, याचाच शोध घेत आली आहे. म्हणजे हे कुठल्या परदेशी कंपनीच्या जाहिरात विभागातून आलेले ज्ञान नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. माणसात हे दाखवा. रक्ताची एक चाचणी दाखवा, एक स्कॅन दाखवा. इथे प्रामाणिक उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. १९९६ मध्ये इव्हेट शेलाइन यांना वारंवार नैराश्य आलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला. २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे १,७०० रुग्ण आणि ७,००० हून अधिक निरोगी व्यक्तींच्या मेंदूची मापे एकत्र केली, तेव्हा फरक टिकला, विशेषतः पुन्हा पुन्हा नैराश्य आलेल्यांत. पण तो सरासरीतला छोटा फरक आहे. एखाद्याचा स्कॅन पाहून त्याला नैराश्य आहे की नाही हे सांगता येत नाही. कॉर्टिसॉलचेही तसेच. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत ते वाढलेले असते, सगळ्यांत नसते, आणि कॉर्टिसॉल दाबले जाते का हे पाहणारी डेक्सामेथॅसोनची चाचणी निदानाचे साधन म्हणून १९८०च्या दशकात अपुरी ठरली. त्यामुळे नैराश्याची चाचणी नाही हे खरे आहे. त्यावरून नैराश्याला शरीर नाही हे कसे सिद्ध होते? अर्धशिशीचीही चाचणी नाही. निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते, आणि म्हणून कुणी तिला मनाचे खेळ म्हणत नाही. नैराश्य हा बहुधा एक आजार नसून एकसारख्या दिसणाऱ्या अनेक वाटांचा संगम आहे: कुठे दाह पुढे असतो, कुठे ताणाची साखळी, कुठे झोपेचे चक्र. एका चाचणीची मागणी करताना आपण पुन्हा सेरोटोनिनवाल्यांचीच चूक करतो, एकाच कारणाचा हट्ट धरतो. जनुकांच्या बाबतीत हा हट्ट आधीच महागात पडला आहे. २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये गाजलेला, सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा आणि ताणाचा संबंध पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के निघतो, आणि तोही असंख्य जनुकांत चिमूट चिमूट विखुरलेला आहे. उरलेला मोठा वाटा आयुष्याचा आहे.

आणि आयुष्य शरीरावर कसे लिहिले जाते, याचे पुरावे समाजशास्त्रातही आहेत. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये दाखवले की मोठा आघात किंवा दीर्घ अडचण नैराश्याला तोंड फोडते, पण सगळ्यांत सारखी नाही. जिवाभावाचे बोलण्यासारखे माणूस नसणे, घरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे, बाहेरचे काम नसणे आणि अकरा वर्षांच्या आत आई गमावलेली असणे, या चार गोष्टींनी धोका वाढत होता. आईविषयीचा हा निष्कर्ष मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या कामाशेजारी ठेवून पाहावा. त्यांच्या उंदरांत, ज्या पिल्लांना आईने जास्त चाटले-जोपासले, ती मोठेपणी ताण लवकर आवरू शकत होती, आणि त्याचे कारण हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसॉलचा निरोप घेणारे ग्राहक जास्त असणे हे होते. २००९ मध्ये त्याच गटाने आत्महत्या केलेल्या माणसांचा मेंदू तपासला. ज्यांच्या बालपणी अत्याचाराचा इतिहास होता, त्यांच्यात याच ग्राहकाच्या जनुकावर रासायनिक खुणा जास्त होत्या. अत्याचार न झालेल्यांत तसे नव्हते. असे अभ्यास छोटे असतात, त्यांवर मोठा इमला उभारू नये. पण ब्राउन-हॅरिस आणि मीनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि ‘परिस्थिती की मेंदू’ हा वाद घालणारे दोघांकडेही बघत नाहीत.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, कारण तो आपल्या दारातला आहे. विदर्भातला शेतकरी कर्ज, नापिकी, पडलेला कापसाचा भाव आणि सावकाराचा तगादा यांनी खचतो. त्याला ‘नैराश्याचा रुग्ण’ म्हणणे म्हणजे सरकारला मोकळे करणे, धोरणाचा गुन्हा त्याच्या मेंदूच्या माथी मारणे. हा राग मला पूर्णपणे न्याय्य वाटतो, आणि गोळ्यांची पाकिटे वाटून शेतीचा प्रश्न मिटवू पाहणारा कुणी असेल तर त्याच्याविरुद्ध मीही उभा राहीन. पण ताणाचे जीवशास्त्र मांडले की निष्कर्ष नेमका उलटा निघतो. कर्ज जर झोप, भूक आणि चेतापेशींच्या फांद्यांपर्यंत पोचत असेल, तर कर्जाचे धोरण हेच आरोग्याचे धोरण ठरते, आणि वेळेवर न मिळालेली पीकविम्याची भरपाई हा शरीरावरचा आघात ठरतो. याला पुरावाही आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या सरकारी योजनेचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा आत्महत्यांत सुमारे १८ टक्के घट दिसली. २०१७ चा आपला मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरतो, त्याच्यावर खटला भरण्यास मनाई करतो आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकतो. शरीराला बाजूला काढले तर सरकारच्या या जबाबदारीला आधार कसला उरतो? मग उरते फक्त ‘त्याला सहन झाले नाही’ हे वाक्य, आणि ते वाक्य प्रत्येक सरकारला सोयीचे असते.

शिवाय ज्याच्यावर ताण आधीच उतरला आहे, त्याचे काय? पहाटे तीनला जाग येणारा, दोन महिन्यांत वजन घटलेला, साधा निर्णय घेता न येणारा माणूस कर्जमाफीचा अर्ज भरायलाही तलाठ्याकडे जाऊ शकत नाही. त्याच घरातली बायको, जिचे नाव कुठल्याच आकडेवारीत येत नाही, तीही तितकीच आजारी असू शकते. धोरण बदलेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगणे हे मला क्रूर वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांना नैराश्याविषयी बोलते केले, समुपदेशन केले, गरज असेल तिथे डॉक्टरांकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना रोजची कामे, माणसे आणि आनंदाच्या गोष्टी यांच्याशी पुन्हा जोडून दिले. तीन महिन्यांनी ज्यांना ही मदत मिळाली त्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. यात गोळी मध्यवर्ती नव्हती. तरी हा शरीरावरचाच उपचार आहे: झोप, हालचाल, सोबत आणि कृती याच गोष्टींतून ताणाची साखळी सैल होते. जीवशास्त्र मानले की गोळीच मानावी लागते, ही या वादातली सर्वांत मोठी गफलत आहे.

गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘गोळ्या आणि साखरेची गोळी सारखीच’ हे वाक्यही त्याच लाटेवर आले आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांचा आढावा घेतला. तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीत माफक होता. तीव्र नैराश्यात तो जास्त असतो, सौम्य नैराश्यात फारसा नसतो, असे इतर अभ्यासही सांगतात. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटणारे जेमतेम एक तृतीयांश असतात. दुष्परिणाम असतात. सौम्य दुःखाला चिठ्ठीवर गोळी लिहून देणारे डॉक्टरही आहेत, त्यांच्यावर टीका व्हायलाच हवी. पण औषध का लागू पडते याचे जुने स्पष्टीकरण चुकले म्हणून ते लागू पडतच नाही, असे ठरत नाही. सेरोटोनिनची बातमी ऐकून ज्यांनी स्वतःच्या मनाने गोळ्या एकदम बंद केल्या, त्यांना चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश यांना तोंड द्यावे लागू शकते, आणि आजार उलटण्याचा धोका वेगळा. गोळी बंद करायची तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. मॉन्क्रिफसुद्धा हेच सांगतात. त्यांचे नाव पुढे करणाऱ्यांनी निदान त्यांचे एवढे तरी ऐकावे.

राहिला ‘मन खंबीर करा’ म्हणणाऱ्यांचा गट. त्यांच्याशी वाद लहान आहे. दीर्घ ताणात कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचे काम मंदावते. निर्णय, संयम आणि पुढचा विचार ही त्याच भागाची कामे. म्हणजे आजार जे काढून घेतो तेच रुग्णाने आधी आणून दाखवावे, अशी ही मागणी आहे. त्यांचा एक मुद्दा मात्र ऐकण्यासारखा आहे: ‘मेंदूचा आजार’ म्हटले की माणूस कायमचा मोडका ठरतो, त्याची उमेद जाते. संशोधनातही हे दिसते. जैविक स्पष्टीकरणाने दोष कमी होतो, पण बरे होण्याबद्दलची निराशा वाढू शकते. ती निराशा येते मेंदूला घट्ट, न बदलणारी वस्तू मानल्यामुळे. ताणाच्या जीवशास्त्राने तर मेंदू दोन्ही दिशांनी बदलतो हे दाखवले आहे. फांद्या आखडतात आणि परत वाढतात.

या साऱ्या वादाला आपल्याकडे एक वेगळाच संदर्भ आहे. श्रीमंत देशांत औषधांचा अतिरेक हा खरा प्रश्न असू शकतो, आणि तिथल्या टीकाकारांचा रोखही त्यावरच असतो. आपण मात्र त्यांचा निष्कर्ष उचलून आणतो आणि आपली आकडेवारी विसरतो. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात नैराश्य असलेल्या दहा जणांपैकी आठांहून अधिक जणांपर्यंत कोणताही उपचार पोचत नाही: ना गोळी, ना समुपदेशन, ना ऐकून घेणारे प्रशिक्षित माणूस. अमरावतीतल्या गावांत २७.२ टक्के हा आकडा यश मानावा लागला, यातच सगळे आले. आजार नाहीच असे ठरवले, तर उरलेल्या ७२.८ टक्क्यांसाठी कार्यकर्ते नेमा, प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक द्या, तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ द्या, हे कोणत्या आधारावर मागायचे?